सूर्यास्तानंतर गिऱ्हाईक पाहिजे

मुक्काम गाव, तालुका उमरगा
माघ महिना, वार सोमवार

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी धाकटा मेहुणा माणिकप्पा याचे शरणु शरणार्थ. इकडं बसवेश्वराच्या कृपेनं घरची माणसं दोन्ही वेळा जेवतात आणि रात्री झोपतात, तेव्हा खुशाल आहेत असंच म्हणायचं. (फक्त मलाच झोप लागत नाही, पण ते पुढं येईल.) आपला गुडघा कसा आहे? आमच्या अक्काचा खोकला हटला का? मागच्या खेपेला इथले डॉक्टर म्हणाले होते, की घराला लागूनच तंबाखूची वखार असल्यावर खोकला हटायचा कसा. पण डॉक्टरला काय कळतंय. तंबाखू म्हणजे सोवळा धंदा. ती खाऊन कुणाचं घर बुडाल्याचं ऐकिवात नाही, फक्त भिंती रंगतात. चि. शिवानंदास अनेक आशीर्वाद. अक्कलकोटला थंडी कितपत आहे तेही सवडीनं कळवावं.

आपला निरोप पोचला. आपण पत्र लिहायचे श्रम घेतले नाहीत, उमरग्याच्या मोटारीनं येणाऱ्या बांगडीवाल्याच्या तोंडी निरोप दिलात, ही आपली काटकसर मला फार आवडली. फक्त एवढंच झालं, की तो निरोप मला कळायच्या आधी वाटेवरच्या चार गावांतल्या बायकांना बांगड्या भरता भरता कळला. आमच्या गावात पोचेपर्यंत त्याला चाल लागायची तेवढी बाकी होती. निरोप असा, की शिंदीखान्याचं लायसन माणिकप्पाच्या नावावर आहे तोवर नीला आमच्या घरची सून व्हायची नाही. अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो, पुढं विजापूरकडची मुलगी बघून ठेवलेली आहे. दाजी, नीलाच्या बारशाला अक्कानं पाळण्याच्या दोरीला हात लावून 'ही आमच्या शिवानंदाची' म्हटलं होतं, तेव्हा आपण शेजारी बसून पेढा खात होता. आता पेढा पचला असेल. पण माझी पोर अठरा वर्षं ते वाक्य ऐकत मोठी झाली आहे, आणि बांगडीवाला गेल्यापासून ती माझ्याशी बोलताना हसते. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून हा धंदा माझ्या गळ्यात कसा पडला ते सविस्तर लिहितो. आधी सरकारचं सांगतो, कारण मोठ्यांचं आधी सांगावं. निजामाच्या वेळी आपल्याकडं शिंदीखाना होता, तो उघड होता. मग आपण मुंबई राज्यात गेलो आणि दारूबंदी आली. दारूबंदीत दुकान नव्हतं, पाटी नव्हती, आणि मुख्य म्हणजे वेळेचं बंधन नव्हतं. पहाटे जा, भर दुपारी जा, ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडाखाली मडकं तयार असायचं. एवढी सोय सरकारला बघवली नाही. म्हणून आता महाराष्ट्र झाल्यावर बंदी जरा सैल करून शिंदीच्या दुकानाला परवाना द्यायचं ठरलं. हा परवाना दारूबंदी खातंच देतं. (मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. दारूबंदीच्या कचेरीत जायचं आणि शिंदी विकायची परवानगी आणायची. यात हसण्यासारखं काही नाही, असं तिथल्या कारकुनानं मला बजावलं.) परवान्याबरोबर पाटी लावावी लागते: विक्रीची वेळ सकाळी आठ ते सूर्यास्त. म्हणजे कालपर्यंत पिणं हा गुन्हा होता, आता अवेळी पिणं हा गुन्हा आहे. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

लिलाव उमरग्याला तहसीलच्या आवारात होता. गावानं ठरवलं, की चार शहाणी माणसं पाठवून साहेबाला सांगायचं: दुकान द्यायचंच असेल तर चांगल्या चालीच्या, स्वतः न पिणाऱ्या आणि वेळ पाळणाऱ्या माणसाला द्या. हे भाषण करायला मला पुढं केलं, कारण न पिणारा म्हटल्यावर सगळ्यांना एकमतानं मीच आठवलो. (दुसरा कुणी आठवेना, ही गावाची अब्रू मी फक्त तुमच्यापुढं उघडी करतोय.) भाषण बरं झालं. साहेबांनी मान डोलावली. मग शिपायानं आमच्या गावचं दुकान पुकारलं आणि कुणी तोंडच उघडेना. बाहेरगावचे दोन ठेकेदार भिंतीला टेकून एकमेकांचा अंदाज घेत होते, गावची माणसं आपापल्या वहाणांकडं बघत होती, शिपायाचा घसा बसत चालला होता आणि साहेब उन्हात उभे होते.

आता आपल्या गावची जत्रा तुम्हाला ठाऊक आहे. पालखीच्या दांडीचा सवाल होतो, देवाच्या शेल्याचा सवाल होतो, आणि पहिला सवाल बोलायचा मान आजोबांपासून आमच्या घराचा. हा मान म्हणजे काय, तर देवाची वस्तू बोलीवाचून ताटकळू नये म्हणून आपण पहिला आकडा बोलायचा आणि गप्प बसायचं. मग लोक चढवत नेतात, दांडी पाटलाच्या खांद्यावर जाते, शेला आणखी कुणाच्या घरी जातो, आणि आपण खोबऱ्याची वाटी घेऊन घरी येतो. वडील गेल्यापासून दर जत्रेला मी हेच करत आलो. त्या दिवशी तहसीलच्या आवारात ती शांतता मला सहन झाली नाही. मला वाटलं, हा उभ्या राहिलेल्या माणसाचा अपमान होतोय. आणि माझ्या तोंडातून सवयीनं आकडा निघून गेला.

मी वाट बघत बसलो, की आता कुणीतरी चढवेल. कुणीही चढवला नाही. गावच्या लोकांनी काय विचार केला ते मला मागाहून कळलं. त्यांचं म्हणणं, 'आप्पांनी जन्मात पैल्यांदा सोतासाठी काय तरी मागितलं, त्येच्यावर आपुन कसं बोलावं?' आणि सगळ्यांनी मला हात जोडले. ते बघून ठेकेदारांची समजूत झाली, की अख्खं गाव ज्याच्यापुढं हात जोडतं तो फार मोठा गुंड असणार. ते हळूच चहाला निघून गेले. साहेब म्हणाले, तुम्ही वर्णन केलंत तसाच माणूस नेमका मिळाला, आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं. अशा रीतीनं गळ्यात इष्टलिंग आणि कपाळाला विभूती असलेला हा तुमचा मेहुणा सरकारमान्य शिंदीवाला झाला. लोक दारूच्या पायी धुळीला मिळतात, मी भिडेच्या पायी मिळालो.

दुकान चालवायला बलभीम ठेवला. तो शिंदीच्या झाडावर चढायला माकडाला शिकवील असा आहे. मडक्यांशी तो बसतो. मी बाहेर लिंबाखाली बाजेवर बसतो, दुकानाकडं पाठ करून. (शिंदी मी आजवर बघितलेली नाही. वास मात्र येतो. वासाला पाठ करता येत नाही.) आता बाजेवर मी बसल्यावर गिऱ्हाईक येणार कसं? ज्यांना मी त्यांच्या मुंजी-बारशापासून ओळखतो ती माणसं माझ्यासमोरून जाताना टोपी सारखी करतात, 'शरणार्थ आप्पा' म्हणतात, आत जाऊन औषध घेतल्यासारखा एक पेला घेतात आणि तोंड पुसत बाहेर येतात. दुसरा पेला मागायला लाजतात. एखादा बसून राहिलाच तर मी सहज म्हणून विचारतो, की थोरल्याची शाळा कशी चालली आहे. तो उठतो. धंदा करावा कसा याचे धडे कुणाला हवे असतील तर माझ्याकडं पाठवा, उलटे धडे मी फुकट देतो.

सूर्यास्त हा एक स्वतंत्र विषय आहे. पाटीवर सूर्यास्त लिहिणाऱ्या साहेबानं श्रावण बघितला नसावा. आभाळ भरलं, की सूर्य मावळला की नुसता लपला हे देवालाही सांगता यायचं नाही. शेवटी मी नियम केला, की समोर दगडाबाईच्या कोंबड्या डालग्यात शिरल्या, की सूर्यास्त झाला आणि दाराला कडी. झालं, गिऱ्हाइकांनी खिशातून ज्वारी आणायला सुरुवात केली. अंगणात दाणे टाकून कोंबड्यांना बाहेर काढायचे, की त्या बिचाऱ्या अंधारात ठेचकाळत टिपत बसायच्या, आणि हे लोक मला म्हणायचे, 'आप्पा, अजून दिस हाय, कोंबड्या बघा की.' दगडाबाईनं एका संध्याकाळी खराटा घेऊन कोंबड्यांना आत हाकललं आणि त्याच फेरीत आपल्या नवऱ्यालाही हाकललं. तेव्हापासून सूर्यास्त दगडाबाई करते आणि कडी मी लावतो. आमच्या गावात सूर्याला आता फारसं काम उरलेलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण आपला निरोप आला आणि मी लायसन सोडायचं ठरवलं. उमरग्याला गेलो. कारकून म्हणाला, ही काय नोकरी आहे राजीनामा द्यायला? परवान्याचं वर्ष आषाढात पुरं होईल, तोवर तुम्ही परवानेदार. मी म्हणालो, त्याच्या आधी पोरीचं लग्न मोडतंय. तो भला माणूस होता, त्याला वाईट वाटलं. त्यानं इकडंतिकडं बघून सांगितलं, की मधेच परवाना रद्द व्हायचा एकच रस्ता आहे, तो म्हणजे नियम मोडणं. सूर्यास्तानंतर विक्री करताना सापडलात, की परवाना गेलाच म्हणून समजा. दाजी, त्या दिवशी मी मोटारीत बसलो तो गुन्हेगार व्हायचा पक्का विचार करूनच. उभ्या आयुष्यात माप कमी दिलं नाही, भाव खोटा सांगितला नाही, आणि आता या वयात पहिला गुन्हा करायचा होता. पण पोरीसाठी माणूस काय करत नाही.

पहिल्या संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या तरी मी कडी लावली नाही. कंदील लावून बाजेवर बसलो. बलभीम आला, दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मी सांगितलं, आजपासून दुकान उघडं. तो म्हणाला, 'उघडं ठिवा की आप्पा, दार तुमचंच हाय. पर म्या आता पेला भरनार न्हाय. टायम झाला. तुमीच शिकवलंया.' मी म्हणालो, मालक मी आहे. तो म्हणाला, 'व्हय, म्हनूनच सांगतो,' आणि घरी जेवायला गेला. मी गिऱ्हाइकांची वाट बघत बसलो. एक जण वळणावर दिसला, कंदील बघून थबकला, मला बघून मागं फिरला. त्याला वाटलं, आत कुणीतरी मेलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेआधी दार उघडून बघितलं, तर बलभीम पाटीखाली उन्हात बसून आठ वाजायची वाट बघत होता. गिऱ्हाइकं त्याच्यामागं ओळीनं बसली होती. बिड्यासुद्धा ओढत नव्हती. काय सांगावं, एवढी शिस्त मी शाळेत बघितली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी दगडाबाई आली. तिच्याबरोबर धुरपदाबाई, नागूबाई, आणखी पाच-सहा जणी. त्या कंदिलाभोवती दारातच बसल्या. मी विचारलं, काय काम काढलं? दगडाबाई म्हणाली, 'आप्पा, तुमच्यावर कुनी तरी डाव टाकाय लागलंया. तुमचं दार उघडं ऱ्हातंय, कडी लागत न्हाय, तुमास्नी कळंना झालंया. तुमचं नाव खराब व्हऊ नये म्हून आमी राखन बसतो.' माझ्यावर डाव टाकणारा मीच आहे, हे सांगायची सोय नव्हती. ज्या दारातून सूर्यास्तानंतर एक तरी पेला विकला जावा म्हणून मी नवस बोलत होतो, त्या दारात गावातल्या सगळ्यांच्या बायका खराटे मांडीवर घेऊन बसल्या. नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून त्यांनी भजन धरलं. आणि आमच्या घरातून त्यांना चहा यायला लागला. होय, खुद्द माझ्या बायकोनं, म्हणजे आपल्या प्रेमानं, किटली भरून पाठवला. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. माझ्या घरात वासे आधी फिरले.

प्रेमाला मी त्याच संध्याकाळी विचारलं, की तुला पोरीचं लग्न व्हायला हवं आहे की नाही? ती चुलीपुढं होती. तिनं वळून न बघता सांगितलं, की दगडाबाईच्या घरात आता दिवस मावळताना नवरा येतो आणि आणलेल्या पिठाची भाकर होते; 'ती चूल इझवून त्या निखाऱ्यावर माज्या पोरीच्या लग्नाची पुरनपोळी करू काय?' बायकांना कायदा कळत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही, हे मला जास्त लागलं.

शेवटचा उपाय म्हणून मी स्वतः उमरग्याला जाऊन दारूबंदीचे इन्स्पेक्टर वसंतराव यांना भेटलो (गावात अजून त्यांना दारोगाच म्हणतात) आणि तोंडी तक्रार केली, की आमच्या गावचा परवानेदार सूर्यास्तानंतर दुकान उघडं ठेवतो, त्याला पकडा. त्यांनी नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, येतो. ते परवा आले, अगदी दिवेलागणीला, दोन शिपाई घेऊन. मी आनंदानं उठून उभा राहिलो. दार सताड उघडं, कंदील पेटलेला, मी दारात, मडकी आत. आणखी काय पुरावा हवा? पण वसंतरावांनी काय बघितलं? दारात आठ-दहा बायका डोक्यावर पदर घेऊन भजन म्हणताहेत, आत बलभीमनं मडकी उपडी घालून ठेवलेली (हे त्या पाप्यानं कधी केलं कोण जाणे), आणि कपाळाला विभूती लावलेला परवानेदार हात जोडून उभा. त्यांनी बूट काढले. भजन संपेपर्यंत ओट्यावर मांडी घालून बसले, चहा घेतला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, की आप्पा, गेली दहा वर्षं मी लोकांना पकडतोय, आणि स्वतःवर पाळत ठेवा म्हणून विनंती करायला आलेला परवानेदार मी पहिल्यांदा बघितला. त्यांचे डोळे भरून आले होते. जाताना सांगून गेले, की पुढल्या वर्षीचा परवानाही तुमच्याकडंच राहावा अशी शिफारस मी वर पाठवणार. तुम्ही नाही म्हटलंत, तर त्या दिवशी भिंतीला टेकून उभे असलेले ठेकेदार तयारच आहेत. आणि दुसऱ्या गावांच्या परवानेदारांना एकदा तुमचं दुकान बघायला आणायचा विचार आहे, तेव्हा बसायला दोन सतरंज्या असू द्या.

दाजी, एवढा सगळा खटाटोप करून माझं काय झालं? बेअब्रू व्हायला निघालो आणि सतरंज्या झटकत बसलो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय म्हणतात. माझं तर सोडलं तरी पळत नाही. गावातली बायकामाणसं वाटेत थांबून मला आशीर्वाद देतात, माझ्यापेक्षा लहान असूनसुद्धा. आणि मी रात्री पडल्या पडल्या नीलाच्या खोलीतल्या कंदिलाकडं बघतो. ती काहीतरी विणत बसलेली असते. परवा मी विचारलं, हे कुणासाठी? ती म्हणाली, कुणासाठी नाही, हात रिकामे नकोत म्हणून. मला या वयात दारूच्या दुकानाची लाज वाटली नाही एवढी त्या उत्तराची वाटली.

असो. आपण थोर आहात, घरंदाज आहात, आपला धंदा निष्कलंक आहे, आपल्या वखारीवर सूर्यास्ताची अट नाही. आम्हा पडलेल्या माणसांवर कृपा असू द्यावी. अक्काला माझा साष्टांग, तिला मिश्री लावणं कमी करायला सांगावं. (आपल्याच दुकानातली असली तरी.) कमीजास्त लिहिलं असेल तर ते या हातानं नव्हे, त्याला लागलेल्या लायसननं लिहिलं असं समजावं.

आपला आज्ञाधारक,
माणिकप्पा

ता. क. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते लिहितो, कारण समोरासमोर बोलायची छाती नाही. दाजी, मला सूर्यास्तानंतरचं एक गिऱ्हाईक पाहिजे. गावचा माणूस येणार नाही हे आता सिद्ध झालं. परगावचा, वजनदार, बायकांच्या खराट्याला न भिणारा आणि पोलिसासमोर 'होय, मी घेतला' असं ठणकावून सांगणारा माणूस पाहिजे. असे माझ्या ओळखीत आपण एकटेच आहात. आपण पुढल्या गुरुवारी संध्याकाळच्या मोटारीनं यावं. वसंतराव त्या दिवशी इकडंच फिरतीवर आहेत. एक पेला मागावा. तोंडाला लावायची गरज नाही, नुसता हातात धरावा. मी स्वतः भरून देईन, डोळे मिटून. लायसन जाईल, आपली अट पुरी होईल, नीलाचं लग्न होईल. आपल्या नावाला जो काही थोडा डाग लागेल तो तंबाखूचाच आहे असं लोकांना सांगता येईल. दाजी, थट्टा बाजूला ठेवून हात जोडतो. माझ्या पोरीला परकी करू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. वरच्या ता. क. प्रमाणं आपण येऊ नये. गिऱ्हाईक आलं.

काल संध्याकाळी कोंबड्या आत गेल्यावर नेहमीप्रमाणं मी बाजेवर, बायका दारात. उमरग्याच्या मोटारीतून एक तरुण उतरला, हातात पिशवी, आणि कुणाला तरी विचारून सरळ दुकानाकडंच यायला लागला. परगावचा. चेहरा अंधारात दिसेना. दाजी, मी उठून आत गेलो आणि जन्मात पहिल्यांदा तो पेला हातात घेतला. बाहेर आलो तोवर दगडाबाईनं खराटा चालवला होता. दोन बसल्यावर तो म्हणाला, 'मावशी, मारा खुशाल, पर म्या शिंदीला न्हाय आलो. म्या मामाकडं आलोय.' नागूबाईनं कंदील वर केला. तो आपला शिवानंद होता. (आपल्याला तो लातूरला मित्राच्या लग्नाला गेला असं वाटत असेल. जेवून-खाऊन बरा आहे. पाठीला प्रेमानं हळद लावली आहे.)

मी पेला हातात घेऊन तसाच उभा. त्यानं तो माझ्या हातातून घेतला, खाली ठेवला आणि बायकांच्यात जाऊन बसला. बराच वेळ बसला. कुणाचा नवरा कधी घरी येतो, आधी कधी यायचा, सगळं विचारत होता. दगडाबाई खराटा बाजूला ठेवून सांगत होती, आणि सांगता सांगता एकदा थांबून तिनं डोळे पुसले. जेवायला बसल्यावर त्यानं मला सांगितलं, की बाबांना मी तीनदा म्हणालो मला नीलाच हवी आहे, दर वेळेला ते लायसनचं बोलतात. मामा, मला लायसनशी लग्न करायचं नाही. तेवढ्यात नीला भाकरी घेऊन आली. तिनं वाढायच्या आधी त्याला सरळ विचारलं, 'लायसन पुढल्या साली बी बाबाच्याच नावावर ऱ्हानार. तवा बी चालतंय का?' मला हे ठाऊकच नव्हतं, दाजी. तिनं ते माझ्या वतीनं ठरवून टाकलं होतं. शिवानंद म्हणाला, 'चालतंय. आता वाढ.' तिनं वाढली, आणि मग आत जाऊन रडली. इतक्या दिवसांचं ती तेव्हा रडली. मी पण.

सकाळी वसंतरावांना पुढल्या वर्षीच्या परवान्याला होकार कळवला. जंगमस्वामींना बोलावून फाल्गुनातला दिवस काढला. अक्कानं साडी घेऊन आठ दिवस आधी यावं, हा तिचा घरचा मान आहे, तो मी कुणाला देणार नाही. आपण यावं. न आलात तरी लग्न होईल, असं लिहिताना हात जड होतो, पण लिहितो. राग माझ्यावर काढा, पोरांवर काढू नका. मुहूर्त सकाळचाच धरायला सांगितला आहे. जेवणं दुपारी उरकतील. संध्याकाळी मला दुकान बंद करायला जावं लागतं.